सुरकुत्या कोणाच्या, सीरम कोणाला

चेहऱ्याच्या म्हातारपणावर सगळ्यात जास्त पैसे खर्च करणारे लोक वेगळे, आणि ज्यांचा चेहरा सगळ्यात आधी रापतो, सुरकुततो ते लोक वेगळे. हे बरेच दिवस लिहायचं होतं. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

निमित्त भाचीचं. तिने एक सीरम मागवलंय. बाटलीवर लिहिलंय, सफरचंदाच्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी बनतात त्या मूळ पेशी. "मावशी, तू बायो शिकवायचीस ना, हे काम करतं का गं?" अगं, सफरचंदाच्या पेशीपासून फार तर सफरचंदाचं झाड होईल, तेही ती पेशी जिवंत असली तर. बाटलीत असतो तो तिचा अर्क. तुझ्या गालाशी तिचं काही नातं नाही. पण 'पेशी' म्हटलं की आपण पाकीट काढतो हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. हल्ली टेलोमिअर, म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांची टोकं, लांब करणाऱ्या कॅप्सूलसुद्धा मिळतात म्हणे.

चीड याची येते की यामागचं खरं विज्ञान फार देखणं आहे. शरीराबाहेर काढलेली पेशी नीट पोसली तर कायम वाढत राहते, असं एकेकाळी सगळे धरून चालले होते. कारण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेलने १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी वाढवायला घेतल्या आणि त्या १९४६ पर्यंत चालू होत्या. कॅरेल नोबेलवाला, त्याला कोण विचारणार? फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक काम करत होता. त्याच्याकडे मात्र माणसाच्या पेशी साधारण ५० वेळा विभागल्या की थांबायच्या. काही केल्या पुढे जायच्या नाहीत. मग त्याने आणि पॉल मूरहेडने एक झकास प्रयोग केला. पुरुषाच्या पुष्कळदा विभागून झालेल्या पेशी आणि स्त्रीच्या ताज्या पेशी एकत्र वाढवल्या. काही काळाने पाहिलं तर फक्त स्त्रीच्या पेशी उरलेल्या. दोष अन्नाचा किंवा संसर्गाचा असता तर दोन्ही संपल्या असत्या. म्हणजे पेशी स्वतःच मोजत होती. १९६१ मध्ये छापून आलेला हा पेपर आधी एका नामांकित जर्नलने परत पाठवला होता! आणि कॅरेलच्या अमर पेशी? त्यांना खाऊ म्हणून गर्भाचा अर्क घालत, त्यातून दर वेळी ताज्या पेशी आत जात असाव्यात असं आता मानतात.

ही मोजणी कशावर होते ते पुढे कळलं. गुणसूत्रांच्या टोकांना डीएनएचा एकच सहा अक्षरी तुकडा हजारो वेळा लिहिलेला असतो, तो टेलोमिअर. पेशी विभागली की तो थोडा झिजतो. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना यावर २००९ चं नोबेल मिळालं, आणि त्यातलं बरंचसं काम डबक्यातल्या टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जिवावर झालं. टेलोमिअर फार झिजले की पेशी मरतेच असं नाही. ती विभागायची थांबते, पण जागा सोडत नाही, आणि आजूबाजूला सूज आणणारी, कोलॅजन (त्वचेला ताठ धरून ठेवणारं प्रथिन) तोडणारी रसायनं सोडत बसते. आता कॅप्सूलचं बोलू. टेलोमिअर पुन्हा लांब करणारं एन्झाइम, टेलोमरेज, बहुतेक कॅन्सरच्या पेशींनी आधीच चालू करून ठेवलेलं असतं. म्हणजे त्या कॅप्सूलने जाहिरातीप्रमाणे खरंच काम केलं असतं तर मी पहिली घाबरले असते. त्वचेच्या पेशी तरुण करण्याचं कामही खोटं नाही. २०२२ मध्ये केंब्रिजजवळच्या बॅब्रहॅम इन्स्टिट्यूटने मध्यमवयीन माणसांच्या त्वचेच्या पेशी बऱ्याच मोजमापांवर ३० वर्षांनी मागे नेल्या. पण प्रयोगशाळेत, काचेखाली. ज्या जनुकांच्या जोरावर हे होतं त्यांतलं एक कॅन्सरशी जोडलेलं आहे. ते क्रीममधून येत नाही आणि येऊही नये.

आता मुद्दा. आरशात जे दिसतं त्यातला फार मोठा भाग या आतल्या मोजणीचा नाहीच. खात्री करायची असेल तर दंडाची आतली बाजू बघा आणि मग मनगटाचा वरचा भाग बघा. दोघांचं वय तेच. फरक आहे उन्हाचा.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली एक फोटो आला होता, तो जरूर शोधून बघा. ६९ वर्षांचा अमेरिकन माणूस, २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी, डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, जाड, लोंबलेली. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि खिडकीची साधी काच उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी त्वचा भाजणारे यूव्हीबी अडवते, खोलवर जाणारे यूव्हीए सोडते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. त्यातून एसटीच्या ड्रायव्हरची खिडकी बंद असलेली कोणी पाहिली आहे?

ऊन करतं काय, तर त्वचेच्या खालच्या थरातल्या पेशींना कोलॅजन कापणारी एन्झाइम्स बनवायला लावतं आणि नवीन कोलॅजन बनवणं मंदावतं. मिशिगन विद्यापीठातल्या फिशर आणि व्होरहीस यांनी १९९६ मध्ये दाखवलं की त्वचा लाल होण्यासाठी जेवढं यूव्ही लागतं त्याच्या बऱ्याच कमी मात्रेतही हे सुरू होतं. "मला ऊन लागत नाही" याला म्हणून काही अर्थ नाही. त्वचेतल्या कोलॅजनचं अर्धायुष्य साधारण १५ वर्षं धरतात, त्यामुळे झालेली तूट निवांतपणे साठत जाते. सात दिवसांत फरक दाखवणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा. सात दिवसांत दिसतो तो ओलावा.

आपल्या सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं कवच आहे हे खरं. गोऱ्या लोकांपेक्षा सुरकुत्या आपल्याला उशिरा येतात, त्वचेचा कॅन्सरही कमी. पण आपलं म्हातारपण आधी रंगात दिसतं: वांग, काळे डाग, कपाळ एका रंगाचं नि गाल दुसऱ्या. आणि कवचालाही मर्यादा आहे. ऊसतोडीच्या फडावर, मिठागरात, द्राक्षाच्या बागेत, चौकात उभ्या ट्रॅफिक हवालदाराच्या चेहऱ्यावर ती मर्यादा दिसते. चाळिशीची बाई साठीची दिसते आणि आपण म्हणतो, कष्टाने वाकली. कष्ट आहेतच, पण तो चेहरा मुख्यतः ऊन आहे. वर्षानुवर्षांचं, सकाळी दहा ते चारचं.

शेतातल्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात. पुण्यात दुचाकीवर मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात, त्यावर विनोद करून करून लोक थकले. या दोघींना माझा नमस्कार. घट्ट विणीचं कापड पुसलं जात नाही, घामाने ओघळत नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. सनस्क्रीनच्या डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. शिवाय एसपीएफ मुख्यतः यूव्हीबी सांगतो. यूव्हीएसाठी पीए आणि पुढच्या प्लसच्या खुणा बघाव्या लागतात.

मग लावण्यासारखं काहीच नाही का? आहे. ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं ॲसिड. दशकांचा पुरावा आहे आणि ट्यूब सीरमपेक्षा बरीच स्वस्त पडते. पण त्याचं नाव घेताना मला अल्बर्ट क्लिगमनही सांगावा लागतो. हे औषध त्वचेसाठी वापरात आणणारा हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा त्वचारोगतज्ज्ञ. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंत त्याने कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय, मोबदला थोड्या डॉलरचा. तुरुंगात पहिल्यांदा शिरलो तेव्हा एकरच्या एकर त्वचा दिसली, असं त्याने मुलाखतीत सांगितलं होतं. विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेने माफी मागितली ती २०२१ मध्ये. औषध चांगलं आहे, मी स्वतः वापरते. ती 'एकरच्या एकर' मात्र डोक्यातून जात नाही.

आणि जे लावूच नये तेही सांगते, कारण ते गावोगावच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी न बघता मिळतं. 'गोरं करणारी' म्हणून दिलेली, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल असलेली ट्यूब. ही स्टेरॉइडं आहेत. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि ट्यूब थांबवली की आग होते म्हणून पुन्हा लावली जाते. स्टेरॉइड कोलॅजन बनू देत नाही. विशीतल्या मुली पैसे मोजून हे घेतात. ट्यूबवरचं बारीक अक्षर मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा, एवढं करा.

माझं म्हणणं एवढंच की म्हातारपण थांबवायचंय अशी खरंच कोणाची इच्छा असेल तर सुरुवात सावलीपासून व्हायला हवी. बाजार समितीच्या उघड्या ओट्यांवर छप्पर, एसटी थांब्यावर शेड, एप्रिल-मेमध्ये रोजगार हमीच्या कामाची वेळ सकाळी लवकर, हवालदाराला रुंद काठाची टोपी. यात पेशींचं तंत्रज्ञान शून्य आहे, म्हणून यावर कोणी रील करत नाही.

भाचीला सीरम परत पाठवायला सांगितलंय, स्कार्फ तिच्याकडे आहेच. ट्रेटिनॉइनबद्दल कृपया मला इनबॉक्समध्ये विचारू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच घ्या. ते रात्री, अगदी थोडं लावायचं असतं, सुरुवातीला त्वचा सोलते, दिवसा ऊन टाळावं लागतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही.