झाकली मूठ सव्वा लाखाची? निदान धंद्यात तरी नाही

गेले आठ-दहा दिवस आपल्या पुण्यातल्या छोट्या व्यावसायिकांमध्ये एक मेसेज फिरतोय, मला तो चार जणांनी पाठवला. म्हणणं असं की मालातला दोष आपण होऊन कधीच सांगू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची, कस्टमर चार दिवसांत विसरतो, कबूल केलं की शेजारचा दुकानदार फायदा उठवतो, आणि असला खरेपणा मोठ्या कंपन्यांना परवडतो, आपल्याला नाही. पुरावा म्हणून आपल्याच मालाला नावं ठेवून गोत्यात आलेल्या रॅटनर या इंग्लंडमधल्या दागिनेवाल्याचा किस्सा जोडलाय. मी कोथरूडला फराळ करून विकते, मला हे वाचून गप्प बसवेना.

आधी "कस्टमर विसरतो" हे घेऊ. २००३ चा ऑक्टोबर आठवतोय? ऐन दिवाळीच्या तोंडावर डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, कॅडबरीच्या पुण्याच्या प्लँटमध्ये बनलेला माल जप्त केला. कंपनी पहिल्यांदा काय म्हणाली, तर आमच्याकडे बनवताना असं होऊच शकत नाही, दुकानदारांनी नीट ठेवलं नसेल. मूठ झाकूनच बघितली ना? एफडीएला ते पटलं नाही, मग तुमच्या पॅकिंगचं काय असा प्रश्न आला, बातम्या थांबेनात, सणाच्या दिवसांत विक्री जवळजवळ ३० टक्क्यांनी पडली. मग कंपनीने दुकानादुकानांत जाऊन माल कसा ठेवतात ते तपासायला घेतलं, बाहेरून मशीन आणली आणि जानेवारी २००४ मध्ये सील केलेल्या फॉइलचं नवं पॅकिंग आलं. अमिताभ बच्चनची जाहिरात त्यानंतरची. लोक सगळं श्रेय अमिताभला देतात, पण मला विचाराल तर हातात आलेलं पॅकिंग बदललं नसतं तर त्याच्या शब्दावर तरी किती जणांनी विश्वास ठेवला असता?

शेजारचा फायदा उठवतो म्हणे. डॉमिनोजने २००९ च्या शेवटी अमेरिकेत स्वतःच्याच जाहिरातीत दाखवलं की लोक आमच्या पिझ्झाला पुठ्ठा म्हणतायत, सॉसला केचप म्हणतायत. आता प्रतिस्पर्ध्याने वेगळं काय बोलायचं राहिलं? २०१० च्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांची तिथल्या जुन्या दुकानांची विक्री १४.३ टक्क्यांनी वाढली. फक्त एक लक्षात घ्या, त्यांनी रेसिपी आधी बदलली आणि तोंड नंतर उघडलं. नुसतं "आमचं चुकलं" म्हणून तोच पुठ्ठा विकला असता तर कोणीच माफ केलं नसतं.

रॅटनरचं उदाहरण तर इथे लागूच होत नाही. १९९१ मध्ये लंडनच्या भाषणात त्या दागिनेवाल्याने आपलाच माल टाकाऊ आहे म्हणून हशा मिळवला आणि कंपनी बुडायच्या बेतात आली, हे खरंय. पण त्याने चूक कबूल केली नव्हती, तो माल घेणाऱ्यांची थट्टा करत होता आणि उद्याही तेच विकणार होता. दोष सांगणं वेगळं आणि गिऱ्हाइकाला मूर्ख समजणं वेगळं.

राहिलं "छोट्यांना परवडत नाही". दोन वर्षांपूर्वी माझा शेंगदाण्याचा एक लॉट खवट निघाला, मला तिसऱ्या दिवशी चव घेताना कळलं, तोवर ४० घरांत चिवडा गेलेला, कर्वेनगर, वारजे, पार सिंहगड रोडपर्यंत. एकाही घरातून तक्रार नव्हती. मी सगळ्यांना फोन केले, पैसे परत घ्या नाहीतर नवा चिवडा देते म्हणाले. एक आजी म्हणाल्या, "अगं, मला वाटलं माझीच चव गेली वयामुळे." म्हणजे त्यांना दोन दिवस खवट लागत होतं आणि त्या स्वतःला दोष देत बसल्या होत्या, हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं तक्रार आली नाही म्हणजे कळलं नाही. कळतं हो, लोक बोलत नाहीत, पुढच्या वेळी दुसरीकडून घेतात.

त्या दिवाळीत माझा नफा गेला, आणि फोन करूनही २ घरं पुढच्या वर्षी आली नाहीत, तेही लपवत नाही. बाकीची ३८ आली. आता मी प्रत्येक पोत्यातले दाणे चावून बघितल्याशिवाय घेत नाही आणि पाकिटावर दाणे भाजल्याची तारीख लिहिते, कोणी विचारलं ही कशाला, तर त्या वर्षी काय झालं ते सांगते.