२९९९ आणि माझा दात

मला आकड्यांचं वेड लागलं ते सचिनमुळे. नव्व्याण्णवावं शतक मार्च २०११ ला नागपुरात आणि शंभरावं थेट मार्च २०१२ ला मीरपूरला, मधलं अख्खं वर्ष आमच्या घरात सुतक, त्यात वानखेडेवर ९४ वर गेला तेव्हा आईने देवापुढचे पेढे उचलून परत डब्यात भरले. एवढं ट्रेनिंग झाल्यावर डेट्रॉइटला आलो, तर इथल्या टायगर्स या बेसबॉल टीमच्या मिगेल काब्रेराच्या ३००० हिट्सची वाट बघणं म्हणजे किस झाड की पत्ती!

२० एप्रिल २०२२ ला तीन हिट मारून गडी २९९९ वर आला. बायकोला म्हटलं उद्या हाफ डे टाकतो. "एक रन बघायला?" रन नाही गं, हिट, म्हणजे बॉल मारायचा आणि निदान पहिल्या बेसपर्यंत सुखरूप पोचायचं... "म्हणजे रनच की." सोडून दिलं.

ऑफिसात डेंटिस्टकडे जातो म्हणून सांगितलं आणि टायगर्सचं स्टेडियम, कोमेरिका पार्क गाठलं. समोर यांकीजची टीम. तीनदा आला, हिट काही नाही. आठव्या इनिंगला चौथ्यांदा आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं, माझा अंगठा रेकॉर्डवर, आणि समोरून खूण झाली, इंटेन्शनल वॉक, म्हणजे मुद्दाम मारूच द्यायचं नाही! पूर्वी निदान चार बॉल लांब टाकायचे तरी, २०१७ पासून तेही बंद, डगआउटमधून, म्हणजे टीमच्या बाकावरून, नुसती खूण केली की जा बाबा फुकटात बेसवर. पंगतीत जिलबीचं ताट आपल्यापर्यंत यावं आणि वाढप्याने थेट पुढच्या पानावर वाढावं, तसं झालं. लोक बू करायला लागले. मी मराठीत सुरू झालो, इथे कोणाला कळतंय म्हणून मनमोकळेपणी, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, लहान मुलं आहेत."

मागे एक काका. म्हणाले, पुढचा बॅटर डावखुरा, पिचर म्हणजे बॉल टाकणाराही डावखुरा, डावखुऱ्याला डावखुऱ्याचा बॉल मारणं अवघड, डावपेच बरोबरच आहे. त्या डावखुऱ्या बॅटरनेच डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंतची हिट, मारून दोन रन आणले आणि आम्ही ३-० जिंकलो, पण जिंकायला कोण आलं होतं! हे शहरच तसलं आहे राव, टायगर्सचाच अल केलाइनसारखा माणूस इथे ३९९ होमरनवर रिटायर झाला. एक मारून जायचं ना बाबा!

माझ्याकडे व्हिडिओ आहे, काब्रेरा शांतपणे चालत जातोय.

शुक्रवारी पावसाने मॅच पुढे ढकलली, डेंटिस्टचं दुसरं सिटिंग वाया. शनिवारी डबलहेडर, म्हणजे एकाच दिवशी दोन मॅच, यावेळी सहकुटुंब. स्टेडियमजवळचं पार्किंग ४० डॉलर, म्हटलं थोडं पुढे १५ ला मिळेल, आणि परवा चारदा येऊन ज्याला जमलं नाही तो आज पहिल्याच इनिंगला कशाला मारतोय. मिळालं १५ ला. मग चालत निघालो, पोराला शू लागली, मग परत चालत. गेट समोर दिसत होतं तेवढ्यात आतून असा काही गलका उठला की पोरगं दचकून कडेवर चढलं.

"झाली वाटतं तुझी रन," बायको म्हणाली.

सोमवारी मॅनेजरने विचारलं, दात कसाय आता?

म्हटलं, गेला.