‘खर्च तर केव्हाच वसूल झाला!’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

मुंबईच्या मेट्रो वनवरच्या (वर्सोवा ते घाटकोपर) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून इथे स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा खर्च केव्हाच वसूल झाला तरी टोल चालूच आहे, म्हणजे सरकारी-खाजगी भागीदारी ही शुद्ध लूट; मेट्रो वनच्या भाडं आणि खर्चाच्या भांडणात मी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) झोडपलं आणि मेट्रो चालवणाऱ्या खाजगी कंपनीला अलगद सोडलं; आणि ही कामं सरकारने स्वतः केली असती तर स्वस्तात झाली असती.

पहिला मुद्दा आधी, कारण टोलवरचा जवळजवळ प्रत्येक वाद त्याच वाक्यावर येऊन अडतो.

द्रुतगती मार्ग मुळात खाजगी भांडवलातून बांधलेलाच नाही. नव्वदच्या दशकात खाजगी बोली आली होती ३६०० कोटींची. ती नाकारून एमएसआरडीसीने (महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने) रोखे काढून पैसा उभा केला आणि सुमारे १६०० कोटींत ९४.५ किलोमीटरचा रस्ता बांधला. २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. खाजगी कंपनी आली २००४ मध्ये. द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग, दोन्हींचे टोलहक्क देखभालीसकट १५ वर्षांसाठी आयआरबी समूहाच्या कंपनीला दिले आणि त्याबदल्यात ९१८ कोटी एकरकमी घेतले. कोकणात मोहोरावर बाग देतात (आंबे लागायच्या आधीच पीक एकरकमी विकून मोकळे होतात), त्यातला हा प्रकार. त्यामुळे ‘खर्च वसूल झाला का’ असं विचारताना कोणता खर्च हे आधी ठरवावं लागतं. बांधकामाचा खर्च एमएसआरडीसीचा, ९१८ कोटी कंपनीचे, आणि दोन्हींचे हिशेब वेगळे.

‘९१८ कोटी दिले आणि त्याच्या कित्येक पट गोळा केले’ असं तुम्ही लिहिता. जरा कागदावर मांडून बघू. भांडवलाची किंमत १२ टक्के धरा (हा माझा गृहीत दर, तुम्ही तुमचा घ्या). ९१८ कोटी १५ समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे तर हप्ता येतो सुमारे १३५ कोटी, आणि एकूण फेड २०२२ कोटी. हप्ते समान न ठेवता उत्पन्न वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत जातं असं धरलं, तर तोच १२ टक्के परतावा मिळवायला एकूण सुमारे २३७० कोटी गोळा करावे लागतात, कारण मोठी रक्कम उशिरा येते. यात देखभाल नाही, जुन्या महामार्गावर डांबराचा नवा थर नाही, नाक्यावरचे पगार नाहीत. म्हणजे अडीच पट वसुली झाली एवढ्यावरून लूट झाली असं म्हणता येत नाही. त्यातला मोठा भाग नुसत्या काळाचा मोबदला आहे.

आता तुमच्या बाजूने. सरकारी महामंडळाने हेच ९१८ कोटी साडेआठ टक्क्यांच्या कर्जाने उभे केले असते, तर १५ वर्षांची फेड साधारण १६५८ कोटी झाली असती. २०२२ आणि १६५८ मधला ३६४ कोटींचा फरक जनतेने कशासाठी भरला? उत्तर असं दिलं जातं की वाहने कमी आली तर नुकसान कंपनीचं, त्या जोखमीची ही किंमत. उत्तर बरोबर आहे, पण जोखीम खरी असेल तरच. नव्या, कोऱ्या रस्त्यावर ती खरी असते. इथे रस्ता दोन वर्षं चालू होता, गाड्या मोजता येत होत्या आणि पुण्यातला आयटी व्यवसाय वाढताना दिसत होता. मोहोर नव्हे, कैऱ्या लागलेली बाग मोहोराच्या भावाने गेली. राग यायचा तर इथे यायला हवा.

हे टाळायची तरतूद सरकारच्याच कपाटात पडून असते. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना सवलत करारात (रस्ता बांधून ठरावीक वर्षं टोल घ्यायचा हक्क देणारा करार) एक ‘लक्ष्य वाहतूक’ लिहिलेली असते. ठरलेल्या तारखेला प्रत्यक्ष वाहतूक त्यापेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त कमी भरली, तर प्रत्येक १ टक्का तुटीमागे कराराची मुदत दीड टक्क्याने वाढते, कमाल २० टक्क्यांपर्यंत. उलट वाहतूक जास्त भरली तर प्रत्येक टक्क्यामागे मुदत पाऊण टक्क्याने घटते, कमाल १० टक्क्यांपर्यंत. माप कंपनीकडे झुकलेलं आहे, हे तुमच्या लक्षात येईलच. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. चिलीने याच्या पुढे जाऊन सांतियागो-व्हॅल्परायझो रस्त्यासाठी १९९८ मध्ये वेगळीच निविदा काढली: आजच्या किमतीत सर्वांत कमी एकूण टोल मागेल त्याला काम, आणि तेवढा जमला की करार संपला, मग दहा वर्षं लागोत की पंचवीस. ‘खर्च वसूल झाला की टोल बंद’ ही तुमची मागणी जशीच्या तशी करारात बसवायची असेल, तर तिचं रूप हे. मुदत ठरलेली असताना ती मागणी करायला करारात जागाच नसते.

द्रुतगती मार्गाचा २०२० चा करार पुन्हा त्याच समूहाला गेला: ८२६२ कोटी, त्यातले ६५०० सुरुवातीला, पुढे दोन वर्षं ८५० आणि शेवटी ६२, मुदत एप्रिल २०३० अखेरपर्यंत. दरवाढ वर्षाला ६ टक्के धरलेली, पण लागू झाली तीन वर्षांनी एकदम १८ टक्के. म्हणून एप्रिल २०२३ ला कारचे २७० चे ३२० झाले. ही वाढ महागाई निर्देशांकाशी बांधलेली नाही. महागाई चार टक्के असती तरी टोल सहाच्याच हिशेबाने वाढला असता. नाक्यावर हुज्जत घालून हे बदलत नाही. दरपत्रक अधिसूचनेत आधीच छापलेलं असतं.

वसुली खरोखरच संपू नये असा करारही देशात झालाय, आणि तो तुमच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे. दिल्ली-नोएडा डीएनडी उड्डाणमार्ग, २००१ मध्ये खुला. करारात कंपनीला एकूण प्रकल्प खर्चावर वार्षिक २० टक्के परताव्याची हमी होती, आणि परतावा कमी पडला तर ती तूट खर्चातच मिळवायची. हिशेब करून बघा: खर्च ४०८ कोटी, हक्काचा परतावा ८१.६ कोटी. समजा हातात ३० कोटी राहिले. तूट ५१.६, म्हणजे पुढच्या वर्षी ‘खर्च’ ४५९.६ कोटी. आता परतावा हवा ९१.९. समजा ३५ मिळाले. खर्च ५१६ च्या पुढे. टोल जमतोय आणि देणं वाढतंय. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हा टोल बंद केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल कायम ठेवला. हे कलम कुणी लिहिलं आणि कुणी मंजूर केलं, हा प्रश्न कंपनीइतकाच सरकारी सहीलाही लागू होतो.

आता मेट्रो वन. कंपनीला मी सोडलं, असा तुमचा आरोप. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, साधारण साडेअकरा किलोमीटर, १२ स्थानकं. २००७ चा करार, अंदाजे खर्च २३५६ कोटी, त्यात ६५० कोटी व्यवहार्यता तूट निधी (नुसत्या भाड्यावर प्रकल्प परवडत नाही म्हणून सरकार देतं ते अनुदान): केंद्राचे ४७१, राज्याचे १७९. भाडं करारातच ठरलेलं होतं, सुरुवातीचे टप्पे ९, ११ आणि १३ रुपयांचे. बोली जिंकायची अट म्हणजे कमीत कमी अनुदान मागणं. अशा बोलीत जो सर्वांत आशावादी असतो तोच जिंकतो, आणि कंपनीने ही बोली डोळे उघडे ठेवून लावली होती. एवढा दोष तिचा, आणि तो मी मूळ लेखातही लिहिलाय.

पण पुढे बघा. करार झाला तेव्हा आधार होता १८८६ चा ट्रामवे कायदा. गाडी सुरू व्हायच्या सुमारास मार्ग आला केंद्राच्या मेट्रो कायद्याखाली, आणि त्या कायद्यात पहिलं भाडं मेट्रो चालवणाऱ्या प्रशासनाने ठरवायचं असतं. कंपनी म्हणाली, प्रशासन म्हणजे आम्हीच. जून २०१४ ला सेवा सुरू झाली आणि लवकरच भाडं १० ते ४० झालं. २०१५ मध्ये भाडेनिश्चिती समितीने ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली. उच्च न्यायालयाने ती २०१७ मध्ये रद्द केली. कायदा बदलताना ‘करारातलं भाडं कायम राहील’ एवढं एक वाक्य जोडायचं राहिलं, त्याचे हे परिणाम. ही चूक कंपनीच्या गळ्यात कशी घालणार?

खर्चाचंही तसंच. कंपनीचा दावा ४३२१ कोटींचा; एमएमआरडीएला तो मान्य नाही. वाढीव आकड्यातलं किती खरं हे बाहेरून सांगता येणार नाही, पण उशिराची जातकुळी ओळखीची आहे: जागा तुकड्यातुकड्याने ताब्यात येणं, रस्त्याखाली नकाशात नसलेल्या जलवाहिन्या आणि केबल निघणं, अंधेरीला रेल्वेमार्गावरून पूल टाकताना रेल्वेच्या ब्लॉकची वाट बघणं. जागा द्यायची जबाबदारी सरकारची असते. ती दिली नाही तर रोजचं व्याज चालूच राहतं आणि दाव्याची फाईल जाड होते. २०२३ मध्ये लवादाने बहुमताने कंपनीला ९९२ कोटी द्यायला सांगितले. एमएमआरडीएने त्याला आव्हान दिलं. चारकोप-वांद्रे-मानखुर्द ही दुसरी मेट्रो तर बांधकामाआधीच २०१४ मध्ये गुंडाळावी लागली. डेपोच्या जागा किनारा नियमनात अडकल्या होत्या, आणि करार होऊन चार वर्षं उलटली होती. हायब्रिड ॲन्युइटीच्या रस्त्यांवर (बांधकामाचा काही खर्च सरकार काम चालू असताना देतं आणि उरलेला नंतर हप्त्यांनी) आता किमान ८० टक्के जागा हातात आल्याशिवाय कामाची मुदत मोजायला सुरुवात होत नाही, ही अट अशाच अनुभवांतून आलेली.

काम कुठे वाटलं जातं, तिथेही फसगत होते. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोत खांब, गर्डर, बोगदे डीएमआरसीने (दिल्ली मेट्रोच्या सरकारी कंपनीने) बांधले; रूळ, सिग्नल आणि गाड्या खाजगी कंपनीने आणल्या. गर्डरखालच्या बेअरिंगमध्ये दोष निघाले आणि जुलै २०१२ मध्ये सेवा थांबली. बेअरिंग खांबाच्या माथ्यावर बसतं आणि त्यावर गर्डर, म्हणजे ते दुरुस्त करायचं तर रूळ टाकलेला गर्डर जॅकने उचलावा लागतो, आणि तेवढ्या काळाचं उत्पन्न बुडतं ते रूळवाल्याचं. दोष एकाच्या बांधकामात, तोटा दुसऱ्याच्या वहीत. कंपनीने करार सोडला, २०१७ मध्ये लवादाने २७८२ कोटी आणि व्याज मंजूर केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते उचलून धरलं आणि २०२४ मध्ये क्युरेटिव्ह याचिकेत (अंतिम निकालानंतरच्या शेवटच्या दुरुस्ती अर्जात) स्वतःच फिरवलं. सांध्याची जबाबदारी कुणाची हे करारात नीट लिहिलं असतं तर एवढी वर्षं कोर्टात गेली नसती.

तिसरा मुद्दा, सरकारने स्वतः बांधावं. द्रुतगती मार्ग हे तुमचं उत्तम उदाहरण. मी ते वर मान्यच केलंय. पण मुंबईची भुयारी मेट्रो तीन पूर्णपणे सरकारी, जपानी कर्जावर बांधलेली, आणि तिचा अंदाज २३१३६ कोटींवरून ३७२७६ कोटींवर गेला. मुंबई-गोवा महामार्ग घ्या. पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा बीओटीवर (कंपनीने बांधायचा, टोलमधून वसूल करायचा आणि मग सरकारला परत द्यायचा) होता आणि जमिनीत नि कर्नाळा अभयारण्यात अडकला. इंदापूरच्या पुढचे टप्पे बीओटीवर नव्हते, तेही वर्षानुवर्षं रखडले. दोन्हीकडे अडलं ते जमिनीपाशी, पुलांपाशी, ठेकेदाराच्या आर्थिक तब्येतीपाशी. फरक एवढाच की सरकारी कामातला वाढीव खर्च अर्थसंकल्पात मुरतो आणि टोलचा नाक्यावर दिसतो, म्हणून आंदोलन नाक्यावर होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर कारला टोल माफ झाला, मग टोल गोळा करणारी कंपनी गप्प कशी? कारण २०१० मध्ये एमएसआरडीसीने २१०० कोटी एकरकमी घेऊन तिला १६ वर्षांचे हक्क विकले होते. माफीने वसुली थांबली तरी देणं उरतंच, फक्त ते देणारा बदलतो. तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाकणार असाल तर एवढंच मागा: सवलत करार परिशिष्टांसह, कामावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याचे मासिक अहवाल, दरवर्षीची लेखापरीक्षित वसुली आणि माफीपोटी झालेला भरपाईचा शासन निर्णय. नुसतं ‘किती टोल जमा झाला’ विचारलंत तर एक आकडा येईल, आणि वर दाखवलंच आहे, त्या एकट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.