मुलाखतीतला आडनावाचा प्रश्न

मार्च महिना आला की पुण्या-मुंबईतल्या बहुतेक कंपन्यांमध्ये महिला दिनाच्या निमित्ताने विविधता, समता आणि समावेशन यांवर व्याख्याने होतात. त्यांत स्त्रियांच्या प्रश्नांविषयी बोलले जाते, अपंग सहकाऱ्यांविषयी बोलले जाते, आणि कलम ३७७ बाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आल्यापासून समलैंगिक सहकाऱ्यांविषयीही बोलले जाऊ लागले आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. जातीचा विषय मात्र तिथे कोणी काढत नाही. मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, आपल्या देशातली कंपनी जातीविषयी गप्प राहून समावेशक होऊच शकत नाही.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचायला हवा. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक होता तो केवळ नावांचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला साधारण एक-तृतीयांश एवढीच निघाली. ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ असे सांगणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर दिले पाहिजे, कारण इथे गुणवत्ता सारखीच होती.

यातून पार पडून उमेदवार मुलाखतीपर्यंत पोहोचला, तरी विषय संपत नाही. त्याने स्वतःचे आणि वडिलांचे नाव सांगितले की समोरून विचारणा होते, ‘पूर्ण नाव?’ आडनावावरून काही उमगले नाही, तर ‘मूळ गाव कुठले?’, आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर ‘वडील काय करतात?’ विचारणाऱ्याला हे प्रश्न आपुलकीचे वाटतात, आणि काही वेळा ते तसे असतातही. पण ज्याने आयुष्यभर असे प्रश्न झेललेले असतात, त्याला आपली चाचपणी चालली आहे हे लगेच कळते आणि पुढच्या तांत्रिक प्रश्नांना तो अडखळत उत्तरे देऊ लागतो. त्यानंतर शेऱ्याच्या रकान्यात लिहिले जाते: ‘आत्मविश्वास कमी’.

ओळखीतून होणारी भरती हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. कर्मचाऱ्याने आपल्या माहितीतला माणूस सुचवायचा आणि तो रुजू झाला की बक्षीस मिळवायचे, ही पद्धत कंपनीला सोयीची पडते. परंतु आपल्या ओळखी बहुधा नात्यागोत्यातल्या, आपल्या सोसायटीतल्या आणि आपल्याच कॉलेजातल्या असतात, त्यामुळे कोणाच्याही मनात भेदभाव नसताना अख्खा विभाग एकाच सामाजिक वर्तुळातून भरला जातो. मग त्याच विभागात सामिष डबा उघडला की नाके मुरडली जातात आणि डबा आणणारा हळूहळू एकटा जेवायला बसू लागतो.

उपाय अवघड नाहीत. पहिल्या छाननीत अर्जावरचे नाव झाकावे. मुलाखतीचे प्रश्न आणि गुण देण्याचे निकष आधी लिहून ठेवावेत, आणि कुटुंबाविषयीचे प्रश्न त्यातून वगळावेत. ओळखीतून होणाऱ्या भरतीला मर्यादा घालावी, आणि ठरावीक नामांकित कॉलेजांखेरीज कराड, अमरावती, चंद्रपूर इथल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतही भरतीसाठी जावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तक्रारीच्या व्यवस्थेचा आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आणि कंत्राटी कामगारांनाही त्यात संरक्षण दिले. अंमलबजावणीत उणिवा आहेत, तरी निदान दाद कुठे मागायची हे स्त्रियांना ठाऊक असते. जातीवरून टोमणा मारला गेला, बढती डावलली गेली, तर खासगी कंपनीत अशी व्यवस्था सहसा नसते. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, पण तो फौजदारी आहे, आणि नोकरी टिकवू पाहणारा माणूस साहेबाविरुद्ध पोलीस ठाण्यात जायला धजावत नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाला नाव घेऊन बंदी घातली. आपल्या कंपन्यांनीही आपल्या धोरणात ‘जात’ हा शब्द स्पष्टपणे लिहावा, आणि अशी तक्रार कोणाकडे करायची हे नव्या कर्मचाऱ्याला रुजू होण्याच्या दिवशीच सांगावे. आज हा प्रश्न विचारला, तर त्याच्या वरिष्ठालाही उत्तर देता येत नाही.