भागून न बघता मूळसंख्या कशी ठरते? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिली चूक सरळ कबूल. ‘सगळ्यात मोठी मूळसंख्या’ असं मी लिहायला नको होतं. मूळसंख्या संपत नाहीत, युक्लिडनं ते कधीच दाखवलंय. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही आजवर माहीत झालेल्यांतली सगळ्यात मोठी, एवढंच. मजकुरात दुरुस्ती केली आहे.

दुसरा मुद्दा मात्र पटला नाही. याच संख्येबद्दल तुम्ही म्हणता, ‘४,१०,२४,३२० अंकांच्या संख्येला कुणी भागून बघितलंय? मशीननं सांगितलं आणि तुम्ही मान डोलावली.’ भागून कुणीच बघितलेलं नाही, बरोबर. तिचं वर्गमूळच दोन कोटी अंकांचं, तिथपर्यंत भागत कोण बसणार? पण असल्या, म्हणजे २ चा अमुक घात वजा १ अशा, संख्येला भागावं लागतच नाही.

परवा मिसळीच्या बिलामागं मी १२७ करून बघितली. ती २ चा ७ वा घात वजा १. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करून २ वजा करायचे, १२७ नं भागून बाकी ठेवायची आणि तिच्यावर पुन्हा तेच. ४ वरून १४, मग १९४ म्हणजे बाकी ६७, मग ४२, मग १११. १११ चा वर्ग १२३२१, वजा २ म्हणजे १२३१९, आणि हे बरोब्बर १२७ गुणिले ९७. पाचव्या पायरीला बाकी शून्य. घात ७, म्हणून पायऱ्या ७ वजा २. तिथं शून्य आलं तर मूळसंख्या, नाही तर नाही. घात २ पेक्षा मोठी मूळसंख्या असेल तर हा नियम दोन्ही बाजूंनी सिद्ध झालेला आहे, त्यात अंदाज नाही. (बिल तेलकट झालं, पण शून्य आलं.)

फ्रेंच गणिती लुकासनं १८७६ साली याच वाटेनं ३९ अंकांची २ चा १२७ वा घात वजा १ मूळसंख्या ठरवली, तीही हातानं. अमेरिकन गणिती लेहमरनं पुढं रीत सुटसुटीत केली. लुकासनं त्याच साली २ चा ६७ वा घात वजा १ मूळसंख्या नाही हेही सांगितलं, पण अवयव त्याच्याकडं नव्हते. ते १९०३ साली कोल या अमेरिकन गणितीनं दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

सुरुवातीला सांगितलेली सगळ्यात मोठी संख्या २०२४ साली ल्यूक ड्युरांटनं शोधली. जाहीर होण्याआधी वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमनं हीच चाचणी पुन्हा करून बघितली गेली. ‘उपयोग काय?’ असंही विचारलंत. व्यवहारात काही नाही. बँकांच्या सुरक्षेत तीनेकशे अंकांच्या मूळसंख्या पुरतात.

आता तुम्ही २०४७, म्हणजे २ चा ११ वा घात वजा १, करून बघा. २३ गुणिले ८९, म्हणजे मूळसंख्या नाही, हे आधीच सांगतो. मला नवव्या पायरीला १७३६ आले. तुम्हाला वेगळं आलं तर सगळ्या पायऱ्या इथं टाका, संध्याकाळी रंकाळ्यावरून आलो की तपासतो.