‘डेपोचं पाणी पोचायला तेहेतीस वर्षं’ : हा हिशोब कुठल्या जमिनीचा?

सध्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा : माती आणि खडक पाणी गाळतात. भूजल वर्षाला फार तर पंधरा मीटर सरकतं, म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरच्या कचरा डेपोची घाण बोअरला लागायला तेहेतीस वर्षं जातील. बोअर खोल असली की भीती नाही, आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी आला की खुशाल प्या.

पंधरा मीटर हा आकडा खोटा नाही, पण तो वाळूचा आहे. भूजलाचा वेग काढताना झिरपण्याच्या क्षमतेला भूजल पातळीच्या उताराने गुणतात आणि प्रभावी सच्छिद्रतेने, म्हणजे पाणी ज्यातून वाहू शकतं त्या पोकळ्यांच्या प्रमाणाने, भागतात. क्षमता दिवसाला १ मीटर आणि उतार शंभराला एक धरा. वाळूची सच्छिद्रता २५ टक्के, म्हणून वेग दिवसाला ४ सेंटिमीटर, वर्षाला पंधराएक मीटर. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग मात्र बसाल्टवर बसलाय. इथे पाणी फटींतून जातं आणि सच्छिद्रता एक-दोन टक्के. बाकी आकडे तेच ठेवून १ टक्का घाला : वर्षाला ३६५ मीटर. तेहेतीस वर्षांची दीडही उरत नाहीत! शिवाय ही सरासरी झाली. एखादी मोठी फट याहून कितीतरी लवकर पाणी पोचवते.

कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये मे २००० मध्ये शेणखताचे जंतू गावाच्या उथळ विहिरीत उतरले. क्लोरिनेशनमध्येही हयगय होती. सात माणसं दगावली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. नंतरच्या तपासात खडक वाळूसारखा सलग सच्छिद्र मानून केलेलं भूजलाचं गणिती मॉडेल आणि पाण्यात रंग सोडून घेतलेली चाचणी ताडून पाहिली, तर पाणी मॉडेलपेक्षा कैकपट वेगाने पळत होतं. तिथला खडक चुनखडीच्या जातीचा, पण फटींची गोष्ट तीच.

माती गाळते हे अर्धंच खरं. जंतू, फॉस्फेट बऱ्यापैकी अडकतात. नायट्रेट आणि क्लोराइड पाण्याबरोबर सरळ खाली जातात. त्यात काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाला गाळायची संधीच कुठे मिळते?

खोलीचंही तसंच. केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला पाइप, साधारण मुरूम संपेपर्यंतच टाकतात, कारण फुटाफुटाचे पैसे लागतात. त्याखाली बोअर उघडी. वरच्या फटीतलं पाणी थेट आत, मग खोली दोनशे फूट असो की पाचशे. उलट यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचा त्रास खोल बोअरनाच जास्त.

टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. २५० टीडीएसच्या पाण्यात लिटरला ६० मिलिग्रॅम नायट्रेट सहज असू शकतं; मर्यादा ४५ आहे. जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

म्हणून मॉडेल फेकून द्यायचं का? मुळीच नाही. असल्या हिशोबाचा अहवाल घेऊन येणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा : सच्छिद्रता किती धरली आणि कशावरून? आणि उतार पावसाळ्यातल्या शांत पातळीचा घेतला, की एप्रिलमध्ये आजूबाजूच्या सगळ्या मोटारी चालू असतानाचा?