कम्युनिटी रेडिओवर सिनेमाची गाणी लागलीच पाहिजेत

‘कम्युनिटी रेडिओ प्रबोधनासाठी असतो, तिथे सिनेमाची गाणी कशाला?’ असं म्हणणारी शिकली-सवरलेली माणसं मला वरचेवर भेटतात. मला हे अजिबात पटत नाही.

कम्युनिटी रेडिओ म्हणजे एखाद्या परिसरातल्या लोकांसाठी, त्यांच्याच सहभागातून चालणारं छोटं रेडिओ केंद्र. आमच्या माणदेशात (सातारा जिल्हा) म्हसवडला असंच माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ वर, २००८ पासून. अशा केंद्रांना साधारण १०० वॉटच्या प्रक्षेपणाचीच परवानगी मिळते. घरातला मिक्सरसुद्धा ५०० वॉटचा असतो! या १०० वॉटवर आजूबाजूची दहा-पंधरा किलोमीटरची गावं, वाड्या-वस्त्या ऐकतात.

मावशीच्या चुलीशेजारी फळीवर बटणांचा मोबाइल असतो. इयरफोन खोचून ठेवलेला, पण कानात नाही. त्याची वायर हीच एरियल, आवाज स्पीकरवर. भाकऱ्या थापताना गाणी चालू. शेळ्यांना पीपीआर या रोगाची लस टोचून घ्यायची असते, हे तिला अशाच दोन गाण्यांच्या मधे कळलं. नुसतं लसीकरणावरचं भाषण ऐकायला तिने रेडिओ लावलाच नसता, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

तरी गाणं म्हणजे माहिती गळी उतरवायची युक्ती, एवढंच मला म्हणायचं नाही. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईने फक्त शहाणंच व्हायचं, रमायचं नाही, हा कुठला न्याय? शहरातल्या एफएमवर चोवीस तास गाणी वाजतात, तिथे कुणी प्रबोधनाचा हिशोब मागत नाही.

शिवाय गाण्यांनी गावाचा आवाज दबेल ही भीती खोटी आहे. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, असा नियमच आहे.

खरी अडचण पैशाची. गाणं वाजवायचं तर हक्कधारकांचा परवाना लागतो, रॉयल्टी लागते. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मुभा आहे, पण तालुक्याच्या गावात जाहिरात देणार कोण? खताचं दुकान, सराफ, एखादी पतसंस्था.

प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलंय. स्वयंसेवी संस्थांना केंद्र काढायची परवानगी मिळायला २००६ उजाडलं. आता निदान या केंद्रांसाठी रॉयल्टी नाममात्र ठेवा, वर्षाला एकच ठरावीक रक्कम, त्यांच्या कमाईला झेपेल अशी. मोठ्या म्युझिक कंपन्यांचं त्याने काहीही बिघडणार नाही.